सॉफ्टवेअरला डेरिव्हेटिव्ह येत नाही

२ जुलै
यंदा कॅल्क्युलस कॉम्प्युटरवर शिकवायचं. विभागप्रमुख बाईंनी (माझीच जुनी विद्यार्थिनी) विचारलं, सर, जमेल ना? नाहीतर नव्या मॅडमना देते. म्हटलं, आयुष्यभर हाच विषय शिकवतोय, हातचा मळ आहे. रोज संध्याकाळी सॉफ्टवेअरचा सराव करायचा.

५ जुलै
सराव उद्यापासून. पहिला तास झकास. एक्सची किंमत तीन ठेवली, समीकरणात घातली, उत्तर क्षणात. फाइल सेव्ह केली. आता रोज हीच उघडायची. पुन्हा टाइप करत कोण बसणार?

९ जुलै
एक्सच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह मागितलं. एरर. नुसता एक्सचा वर्ग लिहिला, तर म्हणे नऊ. सॉफ्टवेअर स्वस्तातलं घेतलेलं दिसतंय. फळ्यावर करून दाखवलं. मुलं गप्प होती, म्हणजे समजलं.

१७ जुलै
पुन्हा तेच. एक्स टाकला की आकडाच तोंडावर फेकतं. एका मुलीने हात वर केला. म्हटलं, शंका शेवटी. शेवटी घंटा झाली. बायको म्हणाली, तोंड का उतरलंय? सराव करून दमलोय, म्हटलं. टीव्ही बघत होतो.

२४ जुलै
बाई तास बघायला आल्या. मी सॉफ्टवेअरचे दोष पुराव्यानिशी मांडले. वर्ग नऊ, घन सत्तावीस. बाई उठून पुढे आल्या. हळूच म्हणाल्या, सर, एक्सला तुम्ही तीन देऊन ठेवलेत, ते त्याने अजून धरून ठेवलेत. ते तीन पुसणारी एक ओळ टाइप केली. डेरिव्हेटिव्ह आलं, दोन एक्स. मुलांनी वहीत उतरवून घेतलं.

२५ जुलै
बाईंनी केबिनमध्ये चहा मागवला. म्हणाल्या, सर, तुमच्यामुळेच मला कॅल्क्युलस आवडायला लागलं. मग म्हणाल्या, तुम्ही आता परीक्षांचं बघा, तास नव्या मॅडम घेतील. बरं, म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. चहा संपवला.

१ ऑगस्ट
घरी अजून सांगितलेलं नाही. नेहमीच्या वेळी निघालो. स्टाफरूमच्या बरोबर वर कॉम्प्युटर लॅब. तास सुरू झाला आणि वरून हसण्याचा आवाज आला. मुलं माझ्या तासाला कधी हसली नव्हती. पाया पक्का असला की मुलं मोकळी होतात, असं इथे लिहिलं आणि खोडलं. दुपारी बायकोचा फोन. तास कसा झाला? चांगला झाला, म्हटलं. ते खोटं नव्हतं.