मीच लावलेला फळा

मंगळवार, संध्याकाळ. वडगाव.

आज फळा पुसला. मीच लावलेला.

महिन्यापूर्वी साडीच्या कारखान्यात सुपरवायझर झाले आणि पहिलं काम काय केलं, तर कुणी दिवसभरात किती विणलं ते नावानिशी फळ्यावर लिहायला लागले. वाटलं, चुरस लागेल. लागली की. आधी कुणाच्या मागावर धागे तुटले, तर शेजारचा आपला माग थांबवून जोडून द्यायचा. फळा लागल्यापासून कुणी मान वर करीना. आणि मी रोज घरी येऊन म्हणायची, ही माणसंच लई आडमुठी.

आज नव्या सुनंदाच्या मागावर झुबकाभर धागे तुटले. ती रडकुंडीला आली. सगळ्यांत जुने मल्लाप्पा अण्णा शेजारीच, पण जागचे हलेनात. मी चिडून म्हटलं, "अण्णा, दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय की मॅडम. पण माझा माग थांबला की फळ्यावर माझंच नाव खाली जातंय न्हवं?"

ओला फडका घेतला आणि सगळ्यांसमोर फळा पुसला. चुकलं म्हणायला हवं होतं का? जीभ रेटली नाही.

अण्णांनी माग बंद केला. सुनंदाकडे जाता जाता मला हाक मारली, "ये आक्का, हे टोक धर."

महिनाभर नुसतं मॅडम होतं.

माझी पहिली गाठ सुटली. अण्णा हसले नाहीत. दुसरा धागा हातात दिला.