संतोष, अजून थोडा मागे हो

६ ऑगस्ट १९९९, सकाळी
लिही गं नम्रता. मी सांगते, सून लिहिते. हे कुणी वाचायचं नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे माझ्यापासूनही गुप्तच.
नातू संतोष वीस तारखेला दोन वर्षांसाठी अमेरिकेला जाणार. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर गोंधळणार म्हणे, ते नीट करायला. घरचा मिक्सर गेल्या दिवाळीपासून बंद आहे. तेही लिही.
निश्चय: त्याचा फोटो मी स्वतः काढणार. डोक्यापासून नव्या बुटांपर्यंत. पलंगासमोर लावायला. कॅमेरा त्याचाच. रोल एकच, छत्तीसचा.

७ ऑगस्ट
चष्मा काढून कॅमेऱ्याच्या भोकाला डोळा लावला. आत नुसतं धुकं. पदराने पुसलं. तरी धुकं. माल खराब. संतोष म्हणतो, आजी, मोतीबिंदू आहे, डॉक्टर सांगून थकले. डॉक्टर तरुण आहे. तरुणांना म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत काहीतरी दिसतंच.

९ ऑगस्ट, दुपारी
चष्मा लावूनच काढायचं ठरवलं. बरं दिसतं. फक्त काचेला काच अडते, कडेने अंधार, मधे शर्टाच्या बटणाएवढा उजेड. त्यात डोकं धरलं की बूट जातात. सोपं आहे, पोराला मागे न्यायचं.
नम्रता म्हणते, अहो आई, कडेचं तुम्हाला दिसत नाही, पण फोटोत येतं. न दिसणारं कसं येईल? ही इंजिनिअरची आई, त्याचा गर्व. लिही, लिही. तोंड नको पाडूस.

१५ ऑगस्ट, रविवार
सगळे खडकवासल्याला. मागे हो म्हटलं. झाला. अजून. झाला. अजून. तो ओरडला, आजी, मागे धरण आहे! मग मीच मागे सरत गेले. कणसवाल्याच्या शेगडीत पदर जाता जाता राहिला. तो म्हणतो, आजीबाई, फोटो काढताय की जमीन मोजताय? लक्ष दिलं नाही.
छत्तीसच्या छत्तीस मी काढले. कुणाला हात लावू दिला नाही. पोरगा बुटांसकट बटणात मावला. शेवटच्याला हसत होता. असावा.

२० ऑगस्ट
संतोष गेला. मी रडले नाही. छत्तीस आहेत ना.

२३ ऑगस्ट, संध्याकाळी
फोटो आले. स्टुडिओवाला तन्वीर म्हणाला, आजी, धरण झकास आलंय, पाटबंधारे खात्यासाठी काढलंत का?
पाणी आहे. डोंगर आहे. आभाळ तर भरपूर. नम्रताने एका फोटोवर बोट ठेवलं, हा बघा संतोष. दिसला की, म्हटलं, काय उंच झालाय! तिने फोटो माझ्या चष्म्याजवळ धरला. मग म्हणाली, आई, तो विजेचा खांब. संतोष त्याच्या शेजारी.
छत्तीसही बघून झाले. चेहरा एकात नाही.
लिही: डॉक्टरांना विचारणे, मोतीबिंदू काढला तर डोळा दोन वर्षांत तयार होतो का. माझं काही अडलेलं नाही. संतोष परत येईल तेव्हा कॅमेऱ्याला सोयीचं पडेल.
तोवर पलंगासमोर खांबाचा फोटो लाव. शेजारी आहे ना तो.