चौदा अँपिअरची भट्टी

दि. ६ जानेवारी

चि. ढब्बूस ताईचे अनेक आशीर्वाद,

तू शाळेत फिजिक्स शिकवतोस आणि पोरं तुला टरकून असतात असं ऐकते, पण मला तू ढब्बूच. माझी विजेची भट्टी बिघडली आहे. दिवसभर तापवली तरी मातीच्या कपांवरची झिलई वितळत नाही. हात फिरवावा तर सँडपेपर. टेकडीवरच्या हॉटेलची मोठी ऑर्डर घेऊन बसले आहे. तिथल्या मॅनेजरबाईंनी स्पष्ट सांगितलंय की महिनाअखेर कप आले नाहीत तर त्या स्टीलचे घेतील.

दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे. तुझ्या भावजींचा. जन्मभर रेल्वेत तिकिटं तपासली, त्यामुळे बंद काही दिसलं की उघडून डोकावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भट्टीचं झाकण उचलतात आणि सगळी धग बाहेर. विचारलं तर म्हणतात, बोटसुद्धा लावलं नाही. मी म्हटलं, मग भट्टी काय माझ्यावर रुसली? त्या दिवसापासून मी त्यांना भट्टीच्या खोलीत येऊ देत नाही आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. घर अगदी वाचनालय झालंय.

झाकणाला कुलूप लावायची काही सोय असेल तर कळव. रागावलेली असले तरी तुझीच,

ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझी भावजय इतकी हसली की पोळी करपली. कुलपाचं नंतर बघू, आधी मोजमाप. वायरमनला बोलाव आणि भट्टी चालू असताना दोन आकडे घ्यायला सांग. व्होल्टेज किती आणि करंट किती अँपिअर. तू स्वतः तारांच्या वाटेला जाऊ नकोस. लहानपणी रेडिओ उघडून तू मला शॉक दिला होतास, तो अजून अंगात आहे.

या दोन आकड्यांवरून भट्टीचा रोध, म्हणजे करंटला होणारा विरोध, निघतो आणि शक्तीही निघते. एकाला गुणाकार, एकाला भागाकार. भट्टीच्या पाठीवर पत्रा असेल, त्यावर किती वॅट लिहिलेत तेही कळव. तोवर भावजींवरचा खटला तहकूब ठेवावा ही विनंती.

तुझ्या धाकात वाढलेला,
ढब्बू

दि. १५ जानेवारी

चि. ढब्बूस आशीर्वाद,

खटला तहकूब नाही, उलट आणखी एक आरोपी सापडला. वायरमन येऊन मोजून गेला. व्होल्टेज २३०, करंट १४. मी रात्री जेवणं उरकून हिशेब मांडला. गुणाकार केला, रोध आला ३२२० ओहम. भागाकार केला, शक्ती आली सोळा वॅट आणि वर थोडी. आणि पत्र्यावर लिहिलंय ४६०० वॅट! सकाळी वायरमनला गाठून सांगितलं, तर तो म्हणाला, सोळा वॅटच्या भट्टीपाशी मांजरसुद्धा शेकायला बसणार नाही. तुझे भावजी खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. बोलले नाहीत, पण हसले.

भट्टी विकणाऱ्याला चांगलं खरमरीत पत्र लिहून पाकिटात घातलं आहे. तिकीट लावायचं राहिलंय.

फसवली गेलेली,
ताई

दि. १९ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तिकीट लावू नकोस. तू सगळं उलटं केलंस. व्होल्टेजला करंटने गुणलं की शक्ती येते, भागलं की रोध. म्हणजे तुझी भट्टी ३२२० वॅटची आणि रोध साधारण साडेसोळा ओहम. आता पत्र्यावरचं बघ. ४६०० ला २३० ने भागलं की वीस अँपिअर, म्हणजे नवी असताना रोध साडेअकराच होता. वर्षानुवर्षं तापून तुझ्या भट्टीच्या कॉइल झिजल्या, रोध वाढला, करंट घटला आणि धगही घटली. बाकी काही नाही, कॉइल बदलून घे.

आणखी एक, जपून वाच. झाकण उघडल्याने धग बाहेर जाईल, पण करंट वीसचा चौदा होणार नाही. भावजी निर्दोष आहेत. आता तू काय करणार आहेस ते बघायला मी तिथे असायला हवा होतो.

थोडी माया माझ्यासाठीही शिल्लक ठेव,
ढब्बू

दि. ३० जानेवारी

चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद,

नव्या कॉइल बसल्या, करंट वीस आला. कप भाजले, पण भट्टी निवल्यावर झाकण उघडायचा मला धीर होईना. शेवटी दारात जाऊन ह्यांना म्हटलं, तुम्हीच उघडा. परवानगी आहे का, म्हणून दोनदा विचारून घेतलं आणि मग आत आले. झाकण उचललं तर एकेका कपात खिडकी दिसत होती, इतकी झिलई चकाकत होती. मी बघतच राहिले.

मी म्हटलं, चूक कॉइलची होती. ह्यांनी कप न्याहाळत उत्तर दिलं की कॉइलने येऊन माफी मागितली तर ते विचार करतील. मग मलाच मागावी लागली. दुपारी दोघांनी मिळून कप गवतात बांधले आणि हॉटेलवर पोचवले. मॅनेजरबाईंनी आता बशांचंही विचारलंय.

ह्यांनी मात्र वायरमनकडे होता तसा मीटर विकत आणला आहे आणि घरभर एकेका वायरला त्याचा चिमटा लावत हिंडतात. इस्त्री झाली, मिक्सर झाला, काल माझ्या मनगटालाही लावून पाहिला. अर्थात शून्य आलं. मान हलवत म्हणाले, सगळा विरोधच आहे, करंट जाणार कुठून? आणि तसाच हात धरून बसले. मीही सोडवला नाही.

उन्हाळ्यात सगळे या, दोघंही वाट बघतो आहोत.

तुझी,
ताई