कांताच्या आवाजाची जोडणी

३ जुलै, चिखली
डॉक्टरांनी सांगितलं, घशाचा कॅन्सर. कांताचं स्वरयंत्र काढावं लागणार, पूर्ण. ऑपरेशन २६ला, औरंगाबादला. परतीच्या एस्टीत देऊळगाव राजा सुटल्यावर म्हणाली, "चांगलंच झालं म्हना तुमच्यासाठी. बत्तीस वर्षं माही कटकट."
मी साप्ताहिकातल्या सदरात दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सोलतो. बायकोला नुसती खिडकीची जागा दिली.

५ जुलै
वानखडे आला. शाळेपासूनचा दोस्त, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. "काऊन बे मास्तर, तोंड पाडून बसला? वहिनीचा आवाज भरून घेऊ. बटन दाबलं का वहिनी बोलते."
पायथॉन ही कॉम्प्युटरची भाषा मला त्यानंच शिकवली होती, गणिताच्या मास्तराची हौस म्हणून. पडद्यावरची बटणं मी लिहायची. आवाजाचे तुकडे सांधून नवी वाक्यं करणारं मोड्यूल तो सी या दुसऱ्या भाषेत लिहून, मशीनला कळेल असं कंपाइल करून देणार.

९ जुलै
रेकॉर्डिंग. माईकसमोर कांता एकदम बातम्या देणारी: "मला तहान लागली आहे." म्हटलं, ही बाई कोण?
"मशीनसमोर कसंही बोलावं का?"
शेवटी माईक पोह्यांच्या डब्यामागे दडवला नि स्वयंपाकघरात तिला बोलू दिलं. मग आली आमची कांता. "मले पानी द्या." "दोन दिन झाले, भाजी कोनी आनली?" "तुम्ही भाईर बसा बरं." मांजरीला: "ए मने, गुरगुर बंद कर!"

१४ जुलै
वानखडेच्या लिनक्सवाल्या मशीनवर झकास चाललं. पण कांताचा लॅपटॉप विंडोजवाला. तिची बोटं त्यालाच सरावलेली, ऑपरेशनच्या तोंडावर नवं काय शिकवू? तिथं मोड्यूलची पायथॉनशी जोडणीच होईना. हे नाव सापडत नाही, ते नाव सापडत नाही. मोड्यूल पायथॉनकडून जी कामं करून घेतं, त्यांची पानभर नावं.

१७ जुलै
वानखडेनं उलगडा केला. लिनक्सवर मोड्यूल जोडताना काही नावं मोकळी सोडली तरी चालतं, पायथॉन सुरू झालं की त्याच्यातच सापडतात. विंडोज जोडतानाच विचारतं, हे नाव कोणत्या घरचं? म्हणून पायथॉनची लायब्ररी, म्हणजे नावांची यादीच, आधी हातात द्यायची.
म्हणजे लिनक्स हे आमच्याकडचं लग्न. मांडवात आला तो पाहुणा. विंडोज म्हणजे पुण्याचं कार्यालय, दारावर यादी घेऊन माणूस उभा.
कांता भाजी निवडता निवडता: "मंग द्या ना यादी. भांडता काऊन?"
आवाज अजून घोगरा झालाय तिचा.

२१ जुलै
यादी दिली, जोडणी झाली, तरी उघडेना. मोड्यूल ६४ बिटचं, लॅपटॉपवर पायथॉन ३२चं, मापंच जुळेनात. ते मी बसवलेलं. वानखडे: "दुसऱ्यायच्या चुका मोठ्या छापतं बे तू!"
ऑपरेशनला पाच दिवस.

२३ जुलै
बोललं! "मले पानी द्या."
खरी कांता आतून: "लईच हुकूम सोडते हे बाई."
हसलो दोघं. मग ती बाहेर आली नि तेच बटण पुन्हा दाबून ऐकलं.

२९ जुलै, औरंगाबाद
ऑपरेशन पार पडलं. मानेतल्या गाठी तपासायला दिल्यात, कॅन्सर पसरलाय का त्याचा रिपोर्ट यायचाय. कांता पाटीवर लिहिते. अक्षर अजून माझ्यापेक्षा बरं.

२ ऑगस्ट
लॅपटॉप दिला. सगळी बटणं दाबून पाहिली तिनं, सिस्टरला मनीची शिवीसुद्धा ऐकवली. मग पाटीवर: "तुमचं नाव कुठाय?"
सगळं रेकॉर्डिंग चाळलं. नाही. लग्नातला उखाणा सोडला तर बत्तीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलंच नाही. अहो. आमचे हे. शाळेचे मास्तर. आणि मलाही सुचलं नाही, एकदा घे म्हणायचं. विंडोजला पानभर नावं शोधून दिली, हे एक राहिलं.

४ ऑगस्ट
वानखडेला फोन. म्हणे, "दोन दिन"मधलं दिन काढ, मनीच्या "बंद कर"मधलं कर काढ. सांध. झालं तुझं नाव, दिनकर.
सांधलं. दिन थकलेला, कर चिडलेला. दोन वेगळ्या बाया हाका मारताहेत असं वाटलं. कांतानं नाही म्हणून मान हलवली, लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

६ ऑगस्ट
सकाळपासून तीच तुकडे निवडतेय. डोकावलं की बटण दाबते: "तुम्ही भाईर बसा बरं."
बसलोय, व्हरांड्यातल्या बाकावर. रिपोर्ट उद्या. काय लिहावं सुचत नाही, तरी लिहितोय.
मघाशी आतून एकदा "दिन" ऐकू आलं. चांगलं होतं, थकलेलं नव्हतं. कुठून काढलं कोण जाणे.
पुढचं "कर" अजून यायचंय.