मिक्सरच्या प्लगवरचा लॅपटॉप

समीक्षाचे बाबा,

भात कुकरमध्ये आहे. वरणाले फोडणी दिली नाही, तुमीच द्या.

दोन्ही लेकरं शाळेतून काढली तवा तुमी म्हणाले होते, घरीच शिकवतो, दोघांलेही लॅपटॉप घेऊन देतो. गोंदियाहून आणले. हिमांशुले नवा. समीक्षाले जुना, बॅटरी मेलेला. दुकानदारानं वायर लावून दाखवला आन तुमी म्हणाले, "पोरीले चालते."

घरात मोकळा प्लग एकच, मिक्सरचा. म्हणून पोरगी ओट्यापाशी बसून शिकते. मी चटणी वाटायले वायर काढली, की तिचं लिहिलेलं सगळं जाते. आधी रडे. काल रडली नाही. स्वतःच वायर काढली आन म्हणाली, "सरक आई, मीच वाटते."

मी तिले घेऊन कोहमाऱ्याले, माझ्या आईकडे चालली. नवा लॅपटॉप तिच्या पिशवीत आहे. हिमांशु शेजारी खेळून राहिला, त्याले जेवू घाला. त्याचा काही दोष नाही.

जुना ओट्यावर ठेवला आहे. आता त्याच्यावर हिमांशुले बसवा. पोराले चालते का, पाहा.

— अल्का