दादाचं मनगट

दादा,

तुझं मनगट खडकानं न्हाई, मी मोडलं. गोदावरीतल्या हौशी नावाड्यांच्या शर्यतीत चार वर्षं तूच पहिला होतास. पाचव्या वर्षी वळणावर तू पुढं निघालास आन् मी वल्ह्यानं तुझ्या हातावर घाव घातला. हाड कडकन मोडलं. काठावर तूच सगळ्यांना म्हणालास, "खडकावर आदळलो." पुन्हा वल्हं धरलं न्हाईस.

साठ वर्षांनी, औंदाच्या दुष्काळात, नांदेडला नदी आटली. काल तुझी लेक कावेरी त्याच वळणावर कोरड्या पात्रात उभी राहून विचारत होती, "काका, इथं खडक कुठाय? नुसती वाळू हाय."

मी तिच्या थोबाडीत हाणली. ओठातलं रक्त पुसत ती बोलली, "आता समजलं."

सकाळच्या बसनं ती तुझ्याकडं लातूरला निघाली. जिल्हा झाल्यापासून गाड्या लई झाल्यात. हे पत्र तिच्या हाती द्यायची छाती झाली न्हाई.

तुझा धाकटा,
पिराजी