देवदत्तचं कौतुक

प्रिय देवदत्त,

रविवारचा शाळेचा मेळावा डोळ्यांसमोरून हलत नाही. चौथीतली पाखरांची कविता मी एका दमात म्हटली, तेव्हा आपली अंबरनाथची कौलारू शाळा पुन्हा उभी राहिली आणि मी क्षणभर नऊ वर्षांचा झालो. मग तू माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना म्हणालास, "उच्चार ऐकलेत आमच्या सुदामचे? बुद्धविहारामागे वाढलाय, पण वाटतच नाही!"

सगळे हसले. नेहमीसारखा मीही हसलो.

मेळाव्याला माझी नात मायाही सोबत होती. बदलापूरला घराशी रिक्षातून उतरताना म्हणाली, "आजोबा, काय वाटत नाही त्यांना?"

"अगं, जुना मित्र आहे. कौतुक करतो."

"म्हणजे पणजी जसं बोलायची म्हणतात, ते वाईट होतं?"

मी रिक्षाचे पैसे मोजत राहिलो. सातवीत असताना तू बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर खायला आला होतास, आठवतं? आई 'पानी' म्हणायची, 'शाला' म्हणायची. तू यायच्या आधी मी तिला सांगितलं होतं, "आत थांब, बोलू नकोस." ती बोलली नाही. दाराआडून नुसती वाटी पुढे केली.

हे तुला कळवलं तर तू म्हणशील, "वेड्या, मी कौतुकच केलं ना!" आणि सवयीने मीच तुझी माफी मागेन. म्हणून हे पत्र पाठवत नाही. माफी आईची मागायला हवी होती. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली.

तुझ्या बाकावरचा,
सुदाम